शार्त्रचे कॅथीड्रल : काचेसाठी मोकळी केलेली भिंत

पॅरिसच्या नैर्ऋत्येला सुमारे ९० किलोमीटरवर शार्त्र हे गाव आहे. वाटेत गव्हाच्या शेतांचा सपाट मुलूख लागतो आणि गाव दिसण्याच्या कितीतरी आधी कॅथीड्रलचे दोन मनोरे दिसू लागतात. ते जुळे नाहीत. दक्षिणेचा साधा, निमुळता मनोरा बाराव्या शतकातला, सुमारे १०५ मीटर उंच. उत्तरेचा जुना कळस १५०६ साली वीज पडून जळाला. त्याच्या जागी जाँ द बोस या कारागिराने नक्षीदार दगडी कळस उभारला, तो ११३ मीटरांचा.

लुआर खोऱ्यातले राजवाडे पाहायला निघालेल्या काही गटसहली इथे तास-दीड तास थांबतात. त्यातला थोडा वेळ आत शिरण्यापूर्वी बाहेरच घालवावा. आतल्या काचा पाहून मन थक्क होते खरे, पण ते सारे जमले कसे, याचे उत्तर बाहेरच्या दगडात आहे.

दगडी छताची कमान खाली दाबते, तशी बाजूलाही रेटते. जुन्या वास्तूंत हा रेटा पेलण्यासाठी भिंती जाडजूड ठेवाव्या लागत; मोठी खिडकी पाडणे धोक्याचे असे. गॉथिक कारागिरांनी यावर तीन उपाय एकत्र केले. टोकदार कमानीमुळे रेटा अधिक उभा झाला. छताला दिलेल्या दगडी बरगड्यांनी भार ठरावीक खांबांवर आणला. उरलेला रेटा बाहेरून लावलेल्या अर्धकमानींच्या धिऱ्यांनी, म्हणजे फ्लाइंग बट्रेसनी, झेलला आणि जमिनीत उतरवला. भिंतीला फारसे कामच उरले नाही, तेव्हा तिथे काच बसली. शार्त्रचे हे धिरे चांगलेच दणकट आहेत. पुढच्या पिढ्यांनी अशी कामे अधिक नाजूक केली, पण आतले ३७ मीटर उंच छत पाहिल्यावर इथली सावधगिरी पटते.

हे सारे घडले एका आगीमुळे. १० जून ११९४ रोजी आधीचे कॅथीड्रल जळाले. पश्चिमेचा दर्शनी भाग, मनोरे आणि तळघर तेवढे वाचले. मेरीचे म्हणून पूजले जाणारे वस्त्रही नष्ट झाले असे लोकांना वाटले. ते तळघरात सुखरूप सापडले, तेव्हा नवे मंदिर उभारण्याची ती देवाज्ञाच मानली गेली. मुख्य बांधकाम तीसेक वर्षांत उरकले. त्या काळी अशी कामे शतकभर रेंगाळत, म्हणून ही घाई विशेष. तिच्यामुळेच सगळी वास्तू एकाच हाताने घडवल्यासारखी वाटते.

खिडक्या १७६, आणि बऱ्याचशा काचा तेराव्या शतकातल्याच. रेती आणि लाकडाची राख वितळवून काच करत, त्यातच धातूंची भुकटी मिसळून रंग आणत. शार्त्रची प्रसिद्ध निळाई कोबाल्टची. चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या गडद रंगाने रेखून भट्टीत पक्क्या करत आणि तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडत. कथा बहुधा खालून वर वाचायच्या असतात. घाईत असाल तर निदान तळाचे चौकोन पाहा. तिथे पाव विकणारे, जोडे शिवणारे, फर दाखवणारे, पैसे मोजणारे सराफ आहेत. या मंडळींनी खिडक्यांचा खर्च दिला की नाही यावर इतिहासकारांचे एकमत नाही, पण संतांच्या पायाशी बाजार भरला आहे हे नक्की.

१९३९ साली युद्धाच्या तोंडावर या काचा काढून दूर हलवल्या होत्या, म्हणून त्या वाचल्या. वास्तू वाचली ती ऑगस्ट १९४४ मध्ये. मनोऱ्यात जर्मन टेहळे असल्याच्या संशयावरून तोफा डागायचे ठरत होते. वेल्बॉर्न ग्रिफिथ या अमेरिकी कर्नलने स्वतः आत जाऊन तपासले आणि तिथे कोणीच नसल्याचे कळवले. त्याच दिवशी जवळच्या लेव्ह गावी तो मारला गेला.

कॅथीड्रलच्या फरशीत सुमारे १३ मीटर व्यासाचा दगडी चक्रव्यूह बसवला आहे. त्याची वाट एकच, कुठेही फाटा न फुटणारी, सुमारे २६० मीटरांची. एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. उन्हाळ्याच्या मोसमात शुक्रवारी तो मोकळा करतात. सहलीच्या वेळापत्रकात शुक्रवार साधला तर नशीब.

मुंबईकरांना इथल्या टोकदार कमानी आणि पाणी ओकणारी दगडी जनावरे ओळखीची वाटतील. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि राजाबाई टॉवर याच शैलीच्या एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवनातून आले. मात्र तिथे गॉथिक रूप आवडीने निवडलेले होते. शार्त्रला ते भाराच्या हिशेबातून निघाले.

२००९ पासून आतली काजळी काढून तेराव्या शतकातला फिकट रंग पुन्हा उजळण्यात आला. अनेक जाणकार त्यावर चिडले, गूढ अंधार गेला म्हणून. मला ही तक्रार पटत नाही. अंधार मेणबत्त्यांच्या धुराने आणला होता; बांधणाऱ्यांची सारी खटपट उजेडासाठी होती. पण खांबावरची मेरीची लाकडी मूर्ती, जी काळी म्हणूनच पिढ्यान्पिढ्या पुजली गेली, तीही गोरी करण्यात आली. सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदूर २०२२ साली उतरवला तेव्हा मूळ रूप पाहायला भाविक लोटले. शार्त्रला बऱ्याच लोकांना आपली काळी मेरी हरवल्यासारखे वाटले, आणि तेवढ्यापुरती मी त्यांच्या बाजूने आहे.