शरदातील बोगनवेल

मानवत परिसरातील काळ्या कसदार जमिनीत बोगनवेल जोमाने वाढते, परंतु पुष्कळदा फुलत नाही. पावसाळा सरताना वेल कुंपणावर दाट चढलेली असते, पाने टवटवीत असतात, रंग मात्र कोठेच दिसत नाही, असे आम्ही पालकांकडून व माजी विद्यार्थ्यांकडून वारंवार ऐकतो. अशोक विजयादशमी आणि १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन या सुमारास आवार फुललेले असावे, ही इच्छा स्वाभाविकच आहे.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची. फ्रेंच नाविक बूगेनव्हिल याच्या जगप्रवासात सामील असलेल्या कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाला ती १७६७ मध्ये ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे आढळली आणि पुढे तिला त्या नाविकाचेच नाव मिळाले. मराठीने त्या परक्या नावाच्या शेपटाची सहज ‘वेल’ करून टाकली, याचे आम्हाला कौतुक वाटते. आपल्या बांधावरची पुनर्नवा आणि परसातली गुलबक्षी याच कुळातील. ज्यांना आपण फुले म्हणतो ती वस्तुतः रंगीत पाने होत. खरे फूल म्हणजे त्यांच्या मधोमध असलेली बारीक पांढरट नळी.

फुलण्याचे मर्म मराठवाड्यातील मोसंबी बागायतदाराला वेगळे सांगावे लागत नाही. बहार धरायचा तर तो झाडाला ताण देतो, म्हणजे पाणी तोडून त्याची वाढ थांबवतो. बोगनवेलीचेही तसेच आहे. भरपूर पाणी मिळत असेपर्यंत ती पाने आणि लांब काटेरी फोक काढत राहते. जमीन कोरडी होऊ लागली, ऊन स्वच्छ पडले आणि दिवस लहान झाला, की कळ्या धरते. २३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसाहून मोठी होते, म्हणजे ऋतू स्वतःच अनुकूल असतो. अडचण जमिनीची आहे. काळी माती ओल फार दिवस धरून ठेवते आणि ऑक्टोबरच्या उन्हाला भिऊन आपण वर आणखी पाणी घालतो. मुलांच्या हाती झारी दिली, की ती प्रेमाने रोज पाणी घालतात. त्यांना हे कारण समजावून सांगणे अगत्याचे आहे.

म्हणून नवी वेल लावताना मातीत मुरूम व वाळू मिसळून उंचवट्यावर लावावी. जुन्या वेलीला पाऊस उघडल्यावर पाणी बंद करावे. कुंडीतील वेलीची पाने दुपारी मलूल झाली तरी घाई करू नये. सकाळीही ती मान टाकून असतील तरच पाणी द्यावे. परतीच्या पावसात कुंड्या पत्र्याखाली सरकवता आल्या तर उत्तम, मात्र आभाळ उघडताच त्या पुन्हा उन्हात आणाव्यात. दिवसाला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवेच. लिंबाच्या सावलीतली वेल कितीही ताण दिला तरी फारशी फुलणार नाही.

सर्वाधिक हानी होते ती छाटणीच्या वेळेमुळे. दसऱ्याच्या साफसफाईत अनेक आवारांत कुंपण भादरले जाते. फुले नव्या फांद्यांवर येतात आणि नेमक्या त्याच फांद्या त्या वेळी कापल्या जातात. छाटणी ऑगस्टच्या पूर्वार्धात उरकावी, म्हणजे नव्या फुटीला सहा ते आठ आठवडे मिळतात. मग सप्टेंबरात केवळ लांबलेले शेंडे खुडावेत. कपाशीचा शेंडा खुडणाऱ्या हातांना हे काम नवीन नाही. काट्यांमुळे छाटणी मोठ्यांनीच, जाड हातमोजे घालून करावी.

खताबाबतही कपाशीचाच दाखला पुरेल. युरिया अधिक झाला, की कपाशी पानांनी माजते आणि पाती-बोंडे कमी धरते. बोगनवेलीला ऑगस्टनंतर युरिया किंवा ताजे शेणखत देऊ नये. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही: फाटकावरचा रात्रभर जळणारा दिवा वेलीची रात्र लहान करतो आणि त्या बाजूचा बहार लांबू शकतो.

एवढे सांभाळूनही पाऊस लांबला तर दसरा हुकेल. दिवाळीपर्यंत थांबण्याची तयारी ठेवावी. पहिला बहार कागदासारखा वाळला, की फांद्यांची टोके हलकी छाटावीत, एकदा पोटभर पाणी द्यावे आणि पुन्हा ताण द्यावा. हिवाळ्यातील कोरड्या उन्हात वेल बहुधा दुसऱ्यांदा फुलते.