उत्पादन खर्चात न धरलेले पाणी

१ जून २०१७ रोजी पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. गोदावरीकाठच्या, चांगदेवांच्या समाधीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाने दूध आणि भाजीपाला शहरांकडे जाऊ द्यायचा नाही असे ठरवले. पाहता पाहता संप राज्यभर पसरला आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारला कर्जमाफी तत्त्वतः मान्य करावी लागली. कर्जमाफीवर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र दुसऱ्या मागणीपाशी जास्त वेळ थांबावे: स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीप्रमाणे उत्पादन खर्चावर पन्नास टक्के नफा धरून हमीभाव. कारण ही मागणी उच्चारली की लगेच प्रश्न येतो, खर्च म्हणजे कोणता खर्च? पर्यावरण आणि संसाधन अर्थशास्त्र हा विषय पदव्युत्तर पातळीवर कशासाठी शिकायचा, याचे सर्वांत सरळ उत्तर मला या प्रश्नात सापडते.

केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोग खर्चाच्या चढत्या पायऱ्या मांडतो. बियाणे, खते, मजुरी, पाणीपट्टी, अवजारांचा घसारा असा प्रत्यक्ष खर्च. त्यात घरच्या माणसांचे श्रम मिळवले की पुढची पायरी. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की ‘सी-२’. शेतकरी संघटनांचा आग्रह सी-२ धरण्याचा असतो आणि तो रास्त आहे. घरच्या बाईचे खुरपणीतले श्रम किंवा वडिलोपार्जित जमीन फुकट आहे, असे मानून भाव ठरवणे अन्यायाचेच. पण सी-२ हासुद्धा पूर्ण खर्च नाही. विहिरीतून उपसलेल्या पाण्याच्या नावे त्यात फार तर विजेचे बिल दिसते, पंपाचा घसारा दिसतो. खाली गेलेली पातळी कुठेच दिसत नाही. मागच्या भागात आपण अर्थशास्त्रज्ञ हॉटेलिंग यांची १९३१ सालची मांडणी पाहिली: आज खाणीतून काढलेल्या टनाची किंमत ठरवताना, तो टन उद्यासाठी उरणार नाही, हा तोटाही त्यात धरावा लागतो. भूजलाला पाऊस पुन्हा भरून काढतो, म्हणून ते खाणीसारखे नाही. तरीही पुणतांबा ज्यात येते त्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळ्या पाषाणात पाणी साठायला जागा थोडी, आणि पुनर्भरणापेक्षा उपसा वाढला की शेजाऱ्याची विहीर आटते, मग तो बोअर घेतो, मग आणखी खोल बोअर. हा खर्च खराच होतो, फक्त तो पिकाच्या हिशेबात न येता कर्जाच्या हिशेबात येतो. पाटाच्या पाण्याचेही तसेच. वर्षानुवर्षे भरपूर पाणी मुरून चिबड आणि क्षारपड झालेली जमीन कोणत्याच हंगामाच्या खर्चात नोंदली जात नाही.

इथे या परिसराची एक मोठी ठेव विद्यार्थ्याच्या हाती आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९४८ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांचा गोदावरी आणि प्रवरा कालव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रज सरकार कालव्याचा हिशेब पाणीपट्टीवरून करी: गुंतवलेल्या भांडवलावर पुरेसे व्याज सुटले तर कालवा फायद्याचा. गाडगिळांनी हा निकषच अपुरा ठरवला. पाट आल्याने मजुराला किती दिवसांचे काम मिळाले, पीकपद्धती कशी बदलली, व्यापार किती वाढला, हे अप्रत्यक्ष लाभ मोजण्यासाठी त्यांनी पाहणी केली. सरकारी तिजोरीपुरता असलेला हिशेब समाजाच्या हिशेबापर्यंत रुंद करण्याचे हे काम त्या काळी फार पुढचे होते. आज याच पद्धतीने दुसरी बाजू मोजायला हवी: क्षारपड जमीन, आटलेल्या विहिरी, खालच्या भागाला न मिळालेले पाणी. लाभ रुंदावून मोजायचे आणि हानी अरुंद ठेवायची, असा हिशेब गाडगिळांच्या शिस्तीत बसत नाही.

यावर गावात जो आक्षेप येईल तो गंभीर आहे. पाण्याचा खरा खर्च मोजायला लागलात की उद्या त्याचे बिल आमच्याच हातात द्याल. आधीच भाव नाही, त्यात हे. ही भीती निराधार म्हणता येणार नाही, कारण पाण्याला किंमत लावा, हा सल्ला अनेकदा फक्त शेतकऱ्यालाच दिला जातो. पण मोजणे आणि वसूल करणे ही दोन वेगळी कामे आहेत. शेतकरी ऊस का लावतो ते पाहा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने उसाच्या दराला कायद्याचा आधार आहे, पैसे चौदा दिवसांत देण्याचे बंधन आहे, माल न्यायला कारखाना आहे. पैसे थकतात, आंदोलने होतात, तरी हरभरा, बाजरी, कांदा यांना एवढाही आधार नाही. हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याची खात्री नसते. कांद्याचे तर काहीच सांगता येत नाही. अशा स्थितीत ऊस निवडणारा शेतकरी पाण्याची उधळपट्टी करत नसतो, तो जोखीम टाळत असतो. पाण्याचा हिशेब मांडला तर दोष धोरणाकडे जातो आणि कमी पाण्याच्या पिकाला खात्रीची खरेदी द्या, ही मागणी बळकट होते.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे आणि तो अर्थशास्त्राच्या आतूनच येतो. समजा पाण्याच्या टंचाईचे मूल्य सी-२ मध्ये मिळवले आणि भाव ‘खर्च अधिक पन्नास टक्के’ ठेवला. मग ज्या पिकाला पाणी जास्त, त्याचा खर्च जास्त, त्याचा भाव जास्त, आणि नफाही जास्त! पाणी वाचवायला काढलेले सूत्र पाणी प्यायला उत्तेजन देईल. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणून टंचाईचे मूल्य भावाच्या सूत्रात आंधळेपणाने घालायचे नाही; कोणत्या पिकाला किती आधार द्यायचा, हे ठरवताना वापरायचे. मोजमापाचे एकक बदलले की हे साधते. एकरी उत्पन्नात उसाशी स्पर्धा करणारी पिके थोडी, पण दर घनमीटर पाण्यामागे काय मिळाले असे विचारले की क्रम बदलू शकतो. नीळकंठ रथ आणि ए. के. मित्रा यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्रातील सिंचनाकडे याच अंगाने पाहिले: पाणी दुर्मीळ आहे तिथे परतावा जमिनीवर न मोजता पाण्यावर मोजा. राज्यात पिकांखालच्या एकूण क्षेत्राच्या चार टक्क्यांहूनही कमी जागेत असून ऊस सिंचनाचे जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो, असे मूल्य आयोगानेच नमूद केले होते. आकडा बराच खाली धरला तरी प्रश्न तोच राहतो.

मोजायचे कसे, ही अडचण खरी आहे. सात नंबरचा अर्ज भरून आवर्तनाचे पाणी घेतले तर आकारणी पीक आणि क्षेत्रावर होते. शेतात किती घनमीटर पाणी शिरले ते कुणी नोंदत नाही. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापाने पाणी देण्याची वाट मोकळी केली, पण चारीवरचे मापयंत्र नीट असेल तरच तिला अर्थ. विहिरीवर तर पाण्याचे मीटरच नाही, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज मोफत झाल्याने बिलाचा निरोपही बंद झाला. हिवरे बाजारने मात्र याच जिल्ह्यात दाखवले आहे की पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडू शकते आणि त्यावरून पिके ठरवू शकते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले ते अशाच, गावाने स्वतः घालून घेतलेल्या नियमांच्या अभ्यासासाठी. राहुरीच्या कृषी विद्यापीठात किंवा गोखले संस्थेत शिकणाऱ्याने प्रबंधासाठी पुणतांब्याच्या एका चारीवरची शेते घ्यावीत, पाटाचे आणि विहिरीचे पाणी वेगळे नोंदावे, तीन हंगाम टिकून राहावे, आणि सी-२ च्या शेजारी पाण्याचा रकाना भरावा. पाठ्यपुस्तकातली मासेमारी आणि तेलविहिरींची उदाहरणे त्यानंतर वाचली तर जास्त कळतील.

या रकान्यात एक गोष्ट अजून बसवलेली नाही. पुणतांब्यावरून वाहणारे पाणी पुढे पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात जाते, आणि वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी किती सोडायचे हा वाद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणापासून न्यायालयांपर्यंत गेला आहे. वरच्या शेतकऱ्याचा लाभ आणि खालच्याचा हक्क एकाच ताळेबंदात कसे मांडायचे, ते पुढच्या भागात.