‘चारात एक’ याचा खरा अर्थ

गेल्या आठवड्यात बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण लग्नाची पत्रिका घेऊन दवाखान्यात आला. त्याचे घर मी वीस-पंचवीस वर्षांपासून ओळखतो. त्याला पाहिले की मला माझी एक जुनी चूक आठवते. ती आज वाचकांना सांगतो, कारण तीच चूक आजही अनेक घरांत होते.

या तरुणाच्या थोरल्या भावाला लहानपणी वरचेवर ताप यायचा, हातपाय सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे. तपासणीत सिकलसेल निघाला. सिकल म्हणजे विळा. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य दुखणे सुरू होते. आई-वडील दोघेही धडधाकट होते, पण दोघेही ‘वाहक’ निघाले. मी त्यांना एवढेच सांगितले, “तुमच्या मुलांत चारात एक आजारी निघण्याची शक्यता आहे.”

आजी सोबत होती. ती म्हणाली, “म्हणजे एक तं झाला नं डॉक्टरसाहेब. आता बाकीचे तीन चांगलेच होतीन.”

बाहेर पेशंटची रांग होती. मी मान हलवली असावी. दोन वर्षांनी मुलगी झाली. तिलाही सिकलसेल निघाला. आजीने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, पण दोष माझाच होता. आकडा बरोबर होता, मी तो समजावून दिला नव्हता.

तेव्हापासून मी टेबलाच्या खणात रुपयाची दोन नाणी ठेवतो. एक नाणे बापाचे, एक आईचे. छापा म्हणजे चांगला गुण, काटा म्हणजे सिकलचा गुण. वाहकाजवळ दोन्ही असतात आणि मुलाला त्यांतला कोणताही एकच जातो. दोन्ही नाणी उडवली की चारच प्रकार संभवतात. छापा-छापा आला तर मूल पूर्ण निरोगी. छापा-काटा किंवा काटा-छापा आला तर मूल आई-बापासारखे वाहक. काटा-काटा आला तर मूल आजारी. चारात एक निरोगी, दोन वाहक, एक आजारी.

आता मुख्य मुद्दा. पुढच्या खेपेला नाणी पुन्हा उडवायची. मागच्या वेळी काय पडले होते हे नाण्याला आठवत नाही. म्हणून प्रत्येक गरोदरपणात शक्यता तीच, चारात एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून दुसरे सुटत नाही आणि पहिली दोन चांगली निघाली म्हणून तिसऱ्याचा धोका वाढतही नाही.

दोन मुलांचा हिशेब मांडून पाहा. चार चोक सोळा प्रकार होतात. दोघेही आजारातून सुटले, असे तीन त्रिक नऊ. दोघेही आजारी, असा एक. उरलेल्या सहांत एक आजारी, एक सुटलेला. म्हणजे निदान एक मूल आजारी असण्याची शक्यता सोळात सात, जवळजवळ निम्मी! चार मुलांच्या घरांत तरी नेमके एकच आजारी असते का? तेही नाही. २५६ प्रकारांपैकी फक्त १०८ प्रकारांत तसे होते.

आता त्या तरुणाकडे वळू. हा तिसरा मुलगा, तब्येतीने ठणठणीत. “मला तर काहीच नाही काका, तपासणी कशाला?” असे त्याचे म्हणणे. मी पुन्हा नाणी काढली. तो आजारी नाही हे नक्की, म्हणजे काटा-काटा बाद. उरले तीन प्रकार आणि त्यांत दोन वाहकाचे. म्हणजे तो वाहक असण्याची शक्यता तीनात दोन! होणारी बायकोही वाहक असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला दोन-तृतीयांश गुणिले एक-चतुर्थांश, म्हणजे सहात एक इतका धोका. तो गप्प झाला.

“पण हा हिशेब रक्त तपासेपर्यंतचाच,” मी म्हणालो. “तपासले की तीनात दोन वगैरे काही उरत नाही. एक तर तू वाहक आहेस किंवा नाहीस.”

वाचकहो, विदर्भात आणि नंदुरबारकडच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आढळतो. १ जुलै २०२३ रोजी देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून, बाधित भागात चाळीस वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. पहिल्या साध्या चाचणीत सिकल आहे की नाही एवढेच कळते. वाहक की आजारी, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करावीच लागते. पहिल्याच कागदावर थांबू नका.

वाहक म्हणजे रोगी नव्हे. त्याला सहसा त्रास नसतो आणि लग्नालाही आडकाठी नाही. एकच जण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मुले फार तर वाहक होतील, सिकलसेलचे रुग्ण होणार नाहीत. दोघेही वाहक असतील, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास मान्यताप्राप्त केंद्रात गर्भाची या आजारासाठी कायदेशीर तपासणी होऊ शकते. आणि मूल आजारी असलेच, तर लवकर निदान, लसी, भरपूर पाणी, फॉलिक अ‍ॅसिड आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सीयुरिया यांनी त्याचे हाल पुष्कळ कमी होतात.

त्या तरुणाने दुसऱ्याच दिवशी रक्त दिले. सोबत मुलीलाही आणले होते. पत्रिका वाटणे त्यांनी थांबवलेले नाही आणि मीही थांबवा म्हटले नाही. फक्त या वेळी ते दोघे नाण्यांचा हिशेब स्वतः मला समजावून सांगेपर्यंत मी त्यांना खुर्चीवरून उठू दिले नाही.