सहीमागचा प्रश्न : नारळीकरांची पोस्टकार्डे आणि संग्राहकांची जबाबदारी

ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले आणि १९ जुलै २०२५ ही त्यांच्या निधनानंतरची पहिली जयंती होती. लोकप्रिय लेखक गेला की त्याच्या सहीच्या प्रतींना, पहिल्या आवृत्त्यांना आणि हस्ताक्षरातील पत्रांना भाव येतो, हा जगभरचा अनुभव असून मराठी पुस्तकांचा जुना बाजारही त्याला अपवाद नाही. नारळीकरांच्या बाबतीत मात्र या व्यवहाराचे गणित मुळातच वेगळे ठरते, कारण स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलांना त्यांनी एक निराळी अट घातली होती. मनातला विज्ञानविषयक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवावा, म्हणजे त्याचे उत्तर सहीसह मिळेल, असे ते सांगत आणि आलेल्या प्रश्नांना उत्तरेही लिहीत. त्यामुळे मराठी विज्ञानसाहित्याच्या संग्राहकाने सर्वांत आधी शोधावी अशी वस्तू जुन्या घरगुती पत्रांच्या गठ्ठ्यात असण्याचा संभव अधिक आहे, आणि ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जात असताना हे गठ्ठे रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची नोंद होणे निकडीचे झाले आहे.

सहीच्या प्रतीचे प्रकार

संग्राहकांच्या व्यवहारात सहीची प्रत म्हणजे सरसकट एकच वस्तू नव्हे. शीर्षकपानावर लेखकाने नुसते नाव लिहिलेली प्रत ही पहिली पायरी. कोणाचे तरी नाव घालून ‘सप्रेम भेट’ म्हणून दिलेली प्रत ही दुसरी. आणि ज्या व्यक्तीला ती दिली तिचा लेखकाच्या आयुष्याशी किंवा त्या पुस्तकाच्या निर्मितीशी प्रत्यक्ष संबंध असेल तर ती तिसरी आणि सर्वांत मोलाची. मराठीत याखेरीज ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का मारलेल्या प्रती सापडतात. त्या वृत्तपत्रांना व मासिकांना परीक्षणासाठी पाठवलेल्या असतात आणि परीक्षकाने समासात केलेल्या खुणांमुळे अनेकदा सहीच्या प्रतीपेक्षाही अधिक बोलक्या ठरतात.

पाश्चात्त्य देशांत प्रकाशकच अशा दुर्मीळतेची योजना आधीपासून करतात. रे ब्रॅडबरी यांची ‘फॅरनहाइट ४५१’ ही पुस्तके जाळणाऱ्या राज्यव्यवस्थेची कादंबरी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा बॅलन्टाइन या प्रकाशनसंस्थेने तिच्या सुमारे २०० प्रती क्रमांक घालून, लेखकाची सही घेऊन आणि न जळणाऱ्या ॲस्बेस्टॉसयुक्त वेष्टनात बांधून काढल्या, आणि आज त्या संग्राहकांच्या जगात आख्यायिका होऊन बसल्या आहेत. मराठी प्रकाशनव्यवहारात ही पद्धत रुजली नाही. येथे एका आवृत्तीच्या साधारण हजार-अकराशे प्रती निघतात, त्यांतील बऱ्याचशा वाचनालयांत जातात आणि वाचून वाचून झिजतात. म्हणून मराठीतील दुर्मीळता ही कोणी ठरवून घडवलेली नसते, ती वापरातून आणि हेळसांडीतून तयार होते. शिवाय मराठीत मजकुरात काहीही बदल न करता केलेल्या पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणण्याची सवय असल्यामुळे, नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’ या १९७९ च्या पहिल्या कथासंग्रहाची मूळ प्रत मिळाल्याचा दावा कोणी करीत असेल, तर मुखपृष्ठावर विसंबून न राहता शीर्षकपानामागील मुद्रणवर्षाची ओळ वाचूनच तो मान्य करावा.

सहीच्या खरेपणाची पहिली कसोटी लेखकाच्या चरित्रात असते. नाशिक येथे डिसेंबर २०२१ मध्ये भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे नारळीकर अध्यक्ष होते, पण प्रकृतीच्या कारणास्तव ते संमेलनाला उपस्थित राहू शकले नाहीत. तेव्हा संमेलनाच्या मांडवात त्यांनी सही करून दिलेली प्रत म्हणून कोणी काही विकत असेल, तर तो दावा तेथेच संपतो. त्यांच्या आत्मचरित्राचे नाव ‘चार नगरांतले माझे विश्व’ असे असून त्याला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाराणसी, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे, आणि कोणत्याही पत्रावरील किंवा प्रतीवरील गाव व तारीख या चार टप्प्यांच्या क्रमाशी ताडून पाहणे हा संग्राहकाचा प्राथमिक अभ्यास होय.

नाव दुसऱ्याचे, अक्षर तिसऱ्याचे

नारळीकरांची विज्ञानकथा ज्या प्रसंगातून मराठीत आली तो प्रसंग सहीवर सर्वस्व मानणाऱ्या संग्राहकाने मुद्दाम ध्यानात ठेवावा. मराठी विज्ञान परिषदेने १९७४ मध्ये घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. परंतु आपल्या नावाचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये म्हणून लेखकाचे नाव ‘नारायण विनायक जगताप’ असे दिले, ज्याची आद्याक्षरे ही त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचा उलटा क्रम होती, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून ती कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले, १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली आणि पुढे ‘किर्लोस्कर’ मासिकातून नारळीकरांच्या कथा वाचकांपर्यंत गेल्या.

मराठी विज्ञानकथेच्या इतिहासातील इतक्या महत्त्वाच्या हस्तलिखितावर लेखकाचे नाव नव्हते आणि त्यातील अक्षरही लेखकाचे नव्हते. बाजाराच्या नेहमीच्या मापाने अशा कागदांची किंमत शून्य ठरली असती आणि रद्दीवाल्याकडे ते आले असते तर कोणी दुसऱ्यांदा पाहिलेही नसते. वस्तूचे मोल तिच्यामागील हकिकतीत असते आणि ती हकिकत सांगणारा पुरावा वस्तूबरोबर टिकला तरच ते मोल टिकते, हा संग्रहशास्त्राचा मूलभूत नियम यापेक्षा स्पष्टपणे मांडता येणार नाही. मंगला नारळीकर या स्वतः गणितज्ञ आणि लेखिका होत्या; १७ जुलै २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या अक्षरातील कागदांनाही या साहित्येतिहासात तितकेच स्थान आहे.

पोस्टकार्ड जवळून पाहताना

भारतीय टपाल खात्याचे पोस्टकार्ड हे १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असे जाड कागदाचे साधे पान असते. त्याची किंमत कार्डावरच छापलेली असते आणि वेळोवेळी बदललेली असते, म्हणून कार्ड कोणत्या काळातले आहे याचा पहिला अंदाज छापील तिकिटाच्या चित्रावरून व किमतीवरून येतो. दुसरा पुरावा टपालाच्या शिक्क्याचा. पाठवणाऱ्या टपाल कार्यालयाचा शिक्का तिकिटावर पडतो, अनेकदा पोहोचल्याच्या ठिकाणचा शिक्काही उमटलेला असतो, आणि त्यांवरील तारखा व गावे ही एका सरकारी यंत्रणेने नकळत केलेली साक्ष ठरते. तिसरा पुरावा पत्त्याचा. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. त्याच वर्षी नारळीकर केंब्रिजहून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि पुढे ते ज्या संस्थेत गेले ती पुण्यातील ‘आयुका’ १९८८ मध्ये स्थापन झाली. तेव्हा ऐंशीच्या दशकाच्या आरंभीच्या शिक्क्याखाली आयुकाचा पत्ता लिहिलेला असेल, तर ते कार्ड खोटे आहे असे निःशंकपणे म्हणता येते.

सही हाताने केलेली आहे की छापलेली, हे पाहण्यासाठी साधे बहिर्गोल भिंग पुरते. बॉलपेनने लिहिताना कागद दबतो आणि कार्ड तिरप्या उजेडात धरले असता ती खाच दिसते. यंत्राने छापलेल्या सहीत अशी खाच नसते आणि भिंगाखाली शाईचे बारीक ठिपके वेगळे दिसतात. पुस्तकावरील सुटी सही खोटी करणे तुलनेने सोपे असते. शिक्का, पत्ता, छापील किंमत, विचारलेल्या प्रश्नाशी जुळणारे उत्तर आणि सही या साऱ्यांचा मेळ घालून पोस्टकार्ड बनवणे फार अवघड जाते, आणि म्हणून पुरावा या दृष्टीनेही पोस्टकार्डाचे पारडे जड आहे.

पोस्टकार्डावर लोभ असलेला दुसरा विज्ञानकथाकार म्हणजे आयझॅक ॲसिमॉव्ह. त्यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० पत्रे व कार्डे लिहिली असा अंदाज त्यांचे बंधू स्टॅन्ली ॲसिमॉव्ह यांनी दिला असून, त्यांनीच निवडलेल्या पत्रांचे पुस्तक लेखकाच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे शक्य झाले याचे मोठे कारण म्हणजे ॲसिमॉव्ह यांचे कागद त्यांच्या हयातीतच बोस्टन विद्यापीठाच्या संग्रहात जमा होत गेले होते. हाताने लिहिलेले उत्तर मात्र स्वभावतःच पत्र मिळालेल्या व्यक्तीच्या घरी राहते. नारळीकरांची उत्तरे अशीच घरोघरी विखुरलेली आहेत, आणि ती गोळा करायची झाल्यास तो उपक्रम वाचकांनाच हाती घ्यावा लागेल.

पाऊस, वाळवी आणि पुनर्विकास

ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्यात कागदाचे आयुष्य मुळातच कठीण असते. २६ जुलै २००५ च्या महापुराला २०२५ मध्ये २० वर्षे पूर्ण झाली. महापुराच्या त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि उल्हास नदीच्या पुराने कल्याण-बदलापूर परिसरातील तळमजल्यावरची घरे बुडवली, तेव्हा कपाटांतील खालच्या खणांत काय काय गेले याची कोठेही मोजदाद नाही. दर पावसाळ्यातील दमट हवा, वाळवी आणि कसर हे नित्याचे शत्रू आहेत, तर लॅमिनेशन आणि चिकटपट्टी हे प्रेमापोटी केलेले अपाय आहेत. लॅमिनेशनची उष्णता आणि डिंक कागदात कायमचे मुरतात, चिकटपट्टीचा डाग काही वर्षांत तपकिरी होतो आणि शाई विरघळते. कार्ड पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आम्लरहित कागदाच्या आधाराने, भिंतीपासून थोडे दूर आणि वरच्या खणात ठेवणे, एवढी काळजी सामान्य घरातही घेता येते.

याहून मोठा धोका घर रिकामे करण्याच्या दिवशी येतो. ठाण्याच्या नौपाड्यातील किंवा डोंबिवली पूर्वेतील जुनी इमारत पाडायची ठरली की भाड्याच्या लहान जागेत सामान हलवताना सर्वांत आधी निघते ती रद्दी, आणि तीत दिवाळी अंक, जुनी मासिके व पत्रे एकत्र बांधली जातात. मराठी विज्ञानकथेसाठी हे विशेष घातक आहे. निरंजन घाटे, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांसारख्या लेखकांच्या कथांचा प्रवास बराचसा मासिकांतून व दिवाळी अंकांतून झाला, आणि त्या अंकांतील चित्रे, संपादकीय टिपा व जाहिराती पुढील कथासंग्रहांत आलेल्या नाहीत.

संग्रह कोणाच्या हाती द्यावा

खासगी संग्रहाचे पुढे काय होते, याची दोन टोकाची उदाहरणे अमेरिकेत सापडतात. फॉरेस्ट ॲकरमन या संग्राहकाने विज्ञानकथेशी संबंधित सुमारे तीन लाख वस्तू आपल्या १८ खोल्यांच्या घरात जमवल्या आणि ते घर चाहत्यांसाठी खुले ठेवले, पण त्याच्या उतारवयात तो संग्रह विकला जाऊन पांगला आणि २००८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर उरलेल्या वस्तूंचाही लिलाव झाला. याउलट जे. लॉइड ईटन या डॉक्टरची सुमारे ७,५०० पुस्तके कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील शाखेने १९६९ मध्ये घेतली आणि त्यांच्याभोवती वाढत गेलेला संग्रह आज जगातील सर्वांत मोठ्या सार्वजनिक विज्ञानकथासंग्रहांत गणला जातो. पहिल्या संग्राहकाची निष्ठा कोणत्याही अर्थाने कमी नव्हती. दुसऱ्याच्या पुस्तकांना संस्थेचे छप्पर मिळाले, एवढाच फरक निर्णायक ठरला.

या परिसराला असे छप्पर नव्याने उभारण्याची गरज नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आहे. डोंबिवलीने २०१७ मध्ये ९० वे साहित्य संमेलन भरवले आणि पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदान-प्रदान उपक्रमात घरोघरची जुनी पुस्तके एका ठिकाणी येतात. अशा उपक्रमात आलेल्या पुस्तकाचे शीर्षकपान उघडून सही, भेटीचा मजकूर किंवा आत राहिलेले पत्र तपासण्याचे काम चार जाणकार स्वयंसेवकांनी केले, तर बरेच काही हाती लागू शकेल. मात्र वाचनालयाचा शिक्का व दाखल क्रमांक असलेली आणि रद्द केल्याची नोंद नसलेली प्रत कोणत्याही संग्राहकाने विकत घेऊ नये, कारण ती वाचनालयाची मालमत्ता असते.

पोस्टकार्डांसाठी मूळ कागद मागण्याचीही आवश्यकता नाही. ज्यांना शाळकरी वयात नारळीकरांचे उत्तर आले असेल त्यांनी कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रतिमा वाचनालयाला द्यावी, विचारलेला प्रश्न आठवत असेल तर तो लिहून द्यावा, आणि मूळ कार्ड स्वतःकडेच जपावे. येथे कायद्याचा एक मुद्दा ध्यानात घ्यावा लागतो : पत्राचा कागद ज्याला ते आले त्याच्या मालकीचा असतो, परंतु त्यातील मजकूर प्रसिद्ध करण्याचा हक्क लेखकाकडे आणि त्याच्यानंतर वारसांकडे राहतो, म्हणून नोंद करणे व जपणे लगेच सुरू करता येईल आणि पुस्तकरूपाने छापण्यासाठी वारसांची संमती घ्यावी लागेल.

सहीच्या प्रती विकत घेण्यात गैर काही नाही आणि चोखंदळ संग्राहकांमुळेच अनेक पुस्तके टिकून राहिली आहेत. तरीही ज्या लेखकाने सहीच्या बदल्यात प्रश्न मागितला, त्याच्या बाबतीत फक्त सहीचा भाव करीत राहणे हे त्याच्या कार्याचे अपुरे आकलन आहे. ही कार्डे एकत्र आली तर मराठी मुलांना आकाशाविषयी, काळाविषयी आणि विश्वाच्या आरंभाविषयी नेमके काय विचारावेसे वाटत होते, आणि एका संशोधकाने ते मोजक्या ओळींत कसे समजावले, याचा दस्तऐवज तयार होईल. असा दस्तऐवज विज्ञानप्रसाराच्या अभ्यासकांना इतर कोठूनही मिळणार नाही. ठाणे-कल्याण परिसरातील एखाद्या वाचनालयाने लवकरात लवकर या नोंदणीची घोषणा करावी आणि शाळांच्या माजी विद्यार्थी संघांनी ती आपापल्या सदस्यांपर्यंत पोहोचवावी, कारण ज्यांनी ते प्रश्न विचारले ती पिढी आज हयात आहे आणि आठवण सांगू शकते.