तळाचा शिक्का : विलायती चहा-कॉफीच्या संचाची पारख

जुन्या घरांतील कपाटे आवरताना कधी कधी एक चकचकीत विलायती संच हाती लागतो. चहाची बसकी किटली, कॉफीची उंच किटली, दुधाचे भांडे, साखरेचे भांडे आणि खाली तबक. आमच्या पिंपळनेरास असा माल दुरून येई. मुंबईस आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारखे विलायती दुकान 1891 साली निघाले. चाळीसगाव-धुळे लोहमार्ग 1900 साली सुरू झाला. धुळ्याहून पुढे साक्रीमार्गे रस्त्याचाच प्रवास.

संच कोठून आला हे घरात बहुधा ठाऊक असते; तो कशाचा आहे हे मात्र ठाऊक नसते. आणि वाटणीच्या वेळी नेमका हाच प्रश्न उभा राहतो. मुलाम्याचा संच चांदी म्हणून एकाच्या हिश्शात धरला, की पुढे सराफाच्या दुकानी सत्य उघडे पडते आणि भावाभावांत वितुष्ट येते. उलट, खरी चांदी मुलामा समजून मोडीत गेली, तर नुकसान कायमचे. म्हणून आपण पारख शिकून घेऊ.

असे संच तीन जातींचे असतात. पहिली जात खऱ्या चांदीची. विलायती स्टर्लिंग चांदीत हजारी 925 भाग चांदी असते. तिच्यावर चालता सिंह, गावाची खूण आणि वर्षाचे अक्षर असे शिक्के उठविलेले असतात. लंडनची खूण बिबट्याचे मुख, बर्मिंगहॅमची जहाजाचा नांगर, शेफील्डची 1974 पर्यंत मुकुट. वर्षाच्या अक्षरावरून संचाचे साल अचूक निघते.

दुसरी जात शेफील्ड पत्र्याची. टॉमस बोल्सोव्हर याने 1743 च्या सुमारास तांब्यावर चांदी उष्णतेने जोडून, दोन्ही एकत्र लाटण्याची युक्ती काढली. अशा भांड्याच्या झिजलेल्या कडांतून तांब्याची लाली डोकावते.

तिसरी जात विजेच्या मुलाम्याची, आणि आपल्याकडे बहुधा हीच आढळते. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी 1840 साली हिचे पेटंट घेतले. भांडे चांदीच्या क्षारांच्या द्रावणात टांगून वीज सोडली, की त्याच्यावर केसाहूनही पातळ थर बसतो. आतला धातू बहुधा जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. नावात ‘सिल्व्हर’ असले तरी त्यात चांदीचा कणही नसतो. तळाशी ‘ई. पी. एन. एस.’ ही अक्षरे असली, तर तो मुलामाच समजावा. ही अक्षरे पुष्कळदा निरनिराळ्या चौकटींत अशी उठवीत, की घाईत पाहणाऱ्यास ते चांदीचे शिक्केच वाटावेत! ‘ए वन’ ही कारखानदाराने आपल्या मुलाम्याला दिलेली प्रत. तीही चांदीची ग्वाही नव्हे.

मुलाम्याच्या संचाचे साल अंदाजाने काढता येते. चौकोनी हिऱ्याच्या आकाराची नोंदणी-खूण असेल, तर नमुना 1842 ते 1883 मधला. ‘आर. डी.’ अक्षरांपुढे आकडा असेल, तर 1884 नंतरचा. 1900 च्या सुमारास हे आकडे साडेतीन लाखांच्या घरात गेले होते. मात्र ही तारीख नमुन्याच्या नोंदणीची, भांडे त्यानंतर कधीही घडलेले असू शकते. ‘इंग्लंड’ हा शब्द असल्यास संच बहुधा 1891 नंतरचा, कारण त्या वर्षापासून अमेरिकेने आयात मालावर देशाचे नाव असण्याची सक्ती केली.

लोहचुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये. चांदी आणि जर्मन सिल्व्हर दोन्ही त्याला चिकटत नाहीत. वजनही फसवते. शिक्का नसलेला संच मात्र लगेच टाकाऊ ठरवू नये. देशी कारागिरांच्या चांदीवर विलायती शिक्के असण्याचे कारणच नव्हते, आणि आपल्याकडील चांदीची अधिकृत मुद्रा 2005 सालापासूनची आहे. अशा वेळी जाणत्या सराफाकडून कस पाहून घ्यावा.

एक मात्र आवर्जून सांगतो. शिक्का वाचण्याआधी राखेने घासू नये, नवा मुलामाही देऊ नये. घासून गेलेला थर परत येत नाही, आणि पुसट झालेला शिक्का पुढच्या पिढीला वाचता येत नाही. मऊ फडक्याने पुसावे, भिंग घेऊन तळ वाचावा, आणि दिसले ते कागदावर लिहून संचाबरोबर ठेवावे. मग वाटणीत मुलाम्याचा संच चांदीच्या तोलाने न मोजता, ज्याला त्यातून चहा पाजण्याची हौस आहे त्याच्या हाती द्यावा.