विया आप्पिया : रस्ता टिकला, कडा वाचवाव्या लागल्या

विया आप्पिया हा रोमनांचा सर्वांत नामांकित राजमार्ग. इ.स.पू. ३१२ मध्ये आप्पिअस क्लॉडिअसने तो रोम ते कापुआ असा बांधायला घेतला, मुख्यतः सैन्याच्या हालचालींसाठी. पुढे तो इटलीच्या दक्षिण टोकाकडील ब्रिंडिसी बंदरापर्यंत पोहोचला. त्याचा सर्वांत चांगला टिकलेला भाग रोमच्या वेशीबाहेर आहे.

इथली फरसबंदी सुमारे ४ मीटर रुंद. समोरासमोरून आलेल्या दोन गाड्या निघून जातील एवढी. आल्बान डोंगरातल्या ज्वालामुखीचा लाव्हा थिजून जो दांडा तयार झाला, त्याच्यावरूनच रस्ता जातो, त्यामुळे दगडासाठी लांब जावे लागले नाही. काळेभोर, बहुकोनी चिरे एकमेकांत घट्ट बसवलेले होते. सहाव्या शतकातल्या प्रोकोपिअस या इतिहासकाराला ते जोडलेले न वाटता एकत्रच उगवलेले वाटले. आज मात्र सांधे रुंदावले आहेत, काही चिऱ्यांवर चाकोऱ्या खोल उमटल्या आहेत आणि सायकलस्वाराची हाडे खिळखिळी होतात.

शहराच्या हद्दीत दफनाला मनाई असल्याने श्रीमंतांनी या रस्त्याकडेला थडगी उभारली. सेसिलिया मेटेलाची गोल समाधी त्यांतली प्रसिद्ध; मध्ययुगात तिचा चक्क किल्ल्याचा बुरूज झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लुईजी कानिना यांनी उत्खनन करून विखुरलेले कोरीव तुकडे त्या-त्या जागीच विटांच्या भिंतींत बसवले. वस्तू संग्रहालयात न नेण्याचा हा विचार त्या काळी दुर्मीळच.

खरा धोका रस्त्यापेक्षा कडेच्या जमिनीला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे धनिकांचे बंगले उठू लागले, शहराभोवतीच्या वळणरस्त्याने तर विया आप्पिया मधोमध तोडला. १९५३ मध्ये पत्रकार अंतोनिओ चेदेर्ना यांनी ‘इल मोंदो’ साप्ताहिकात या बांधकामवाल्यांना थेट ‘गँगस्टर’ म्हटले. ते वर्षानुवर्षे लिहीत राहिले. १९६५ मध्ये सुमारे २,५०० हेक्टर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी राखीव झाली, पण प्रादेशिक उद्यान व्हायला १९८८ उजाडले. वळणरस्ता पुढे बोगद्यात घालून तुटलेला मार्ग सांधला गेला. २००२ मध्ये सरकारने कापो दी बोवे येथील एक खासगी बंगला विकत घेतला; त्याच्या आवारात रोमन स्नानगृहे सापडली. चेदेर्नांचा कागदपत्रसंग्रह आता त्याच बंगल्यात आहे.

२०२४ मध्ये युनेस्कोने विया आप्पियाला जागतिक वारसा यादीत घेतले. तरीही उद्यानातली बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे आणि वेशीजवळच्या टप्प्यात मोटारींची वर्दळ एवढी की पायी जाणाऱ्याला भिंतीला चिकटून चालावे लागते.