मुद्द्याचे बोलू या!

नारायण पेठेत राहायला आलो, त्या वर्षी उन्हाळ्यात एक गंमत पाहिली. ऊन उतरले की आमच्या वाड्यातले एक काका धुतलेला सदरा घालून, हातात छत्री घेऊन निघत. ‘कुठे?’ म्हटले की एकच उत्तर, ‘व्याख्यानाला.’ कोणत्या, ते विचारायचे नसते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यात ‘व्याख्यान’ म्हणजे वसंत व्याख्यानमाला!

ही मालिका न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. २०२५ साली तिला दीडशे वर्षे झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. नाव जड आहे, अर्थ सोपा आहे : चार लोकांत उभे राहून बोलायला उत्तेजन देणारी सभा. त्या काळी याची गरज का भासली? कीर्तन आणि पुराण आपल्याकडे होतेच. पण तिथे श्रोत्याने माना डोलवायच्या. सार्वजनिक प्रश्नावर एकाने मत मांडायचे, इतरांनी ते पारखायचे, ही रीत नवी होती. १८७० मध्ये सार्वजनिक सभा निघाली, १८७३ मध्ये महात्मा फुल्यांचा सत्यशोधक समाज. समाज बोलू लागला होता; त्याला व्यासपीठ हवे होते.

रानडे तेवढ्यावर थांबले नाहीत. १८७८ साली लोकहितवादींच्या साथीने त्यांनी पुण्यात ग्रंथकारांना एकत्र बोलावले. आजच्या साहित्य संमेलनाचे मूळ तेच. पुढची सभा १८८५ची. तिचे निमंत्रण मात्र फुल्यांनी पत्र लिहून नाकारले. सर्व माणसांचे हक्क जे मनापासून मानत नाहीत, त्यांच्याशी आमचा मेळ कसा बसावा, असा त्यांचा सवाल होता. व्यासपीठ उभारले म्हणजे ते सगळ्यांचे झाले, असे नव्हे. हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

मला त्याचा छोटासा अनुभव आहे. कॉलेजात असताना एका वक्तृत्व स्पर्धेत मला बक्षीस मिळाले. परीक्षक कौतुकाने म्हणाले, ‘मुसलमान असूनही याचे मराठी किती शुद्ध!’ टाळ्या पडल्या. मीही हसलो, पण तो ‘असूनही’ घरापर्यंत माझ्यासोबत आला. मी ज्या भाषेत स्वप्न पाहतो, तिथे मला पाहुणा ठरवले होते.

पुढे शब्दकोश चाळताना त्याचे उत्तर सापडले. चांगला वक्ता कसा असावा? मुद्देसूद आणि हजरजबाबी. ‘मुद्दा’ अरबी, ‘हजर’ अरबी, ‘जबाब’ही अरबी. आपण त्याला ‘दाद’ देतो, ती फारसी. आणि ‘जाहीर सभा’ या दोन शब्दांत तर अरबी आणि संस्कृत मांडीला मांडी लावून बसलेले! ॲरिस्टॉटलने ग्रीक भाषेत वक्तृत्वावर ग्रंथ लिहिला. इब्न रुश्दने बाराव्या शतकात त्यावर अरबीत भाष्य केले. बोलण्याचे शास्त्र असे गावोगाव फिरूनच मोठे झाले आहे. मग शुद्ध कोण आणि पाहुणा कोण?

एकदा मी त्या काकांबरोबर टिळक स्मारक मंदिरात गेलो. वक्त्याचे म्हणणे त्यांना मुळीच पटत नव्हते. चुळबुळ चालली होती, पण शेवटपर्यंत उठले नाहीत. परतताना मी कारण विचारले. म्हणाले, ‘अहो, अर्ध्यातून उठलो असतो, तर नेमके काय पटले नाही, ते कसे कळले असते?’

मग लकडी पुलापर्यंत आम्ही दोघे भांडत गेलो. त्यांचे त्यांना पटत होते, माझे मला. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताच त्यांनी माझ्या दाराची कडी वाजवली. ‘चला मियाँ, व्याख्यानाला उशीर होतोय!’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)